आधी कान, मग आवाज: इन-इअर मॉनिटर पारखायची सविस्तर पद्धत

काही वर्षांपूर्वी एक नावाजलेला इन-इअर मॉनिटर (कानाच्या नळीत बसणारा इअरफोन) मी दहा मिनिटांत नापास केला होता. बेस पोकळ, गळा पातळ, झांजा टोचणाऱ्या. पुढे तोच जोड एका मित्राकडे पुन्हा हाती आला. त्याने माझ्या डाव्या कानासाठी एक नंबर मोठी टिप (नळीत शिरणारी मऊ टोपी) चढवून दिली. गाणं तेच, फोनही तोच, पण आता खालचे सूर छातीपर्यंत पोहोचत होते आणि झांजांची टोचणी गेली होती. बिघाड मॉनिटरमध्ये नव्हताच. डाव्या कानात फट राहत होती.

तेव्हापासून आवाज आणि आराम या दोन वेगळ्या परीक्षा मी मानत नाही. मॉनिटर कानात कसा बसतो त्यावर तो कसा वाजणार हे ठरतं, आणि कसा वाजतो त्यावर तो किती वेळ कानात राहणार हे ठरतं. म्हणून खाली दिलेल्या क्रमाला महत्त्व आहे. बसण्याची खातरजमा झाल्याशिवाय आवाजाबद्दल एक शब्दही लिहू नका. सगळं नीट करायला तीन-चार दिवस लागतात.

कानाची थोडी ओळख

मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण २५ मिलिमीटर लांब असते. तिचा बाहेरचा एक तृतीयांश भाग मऊ कूर्चेचा असतो, आतला दोन तृतीयांश हाडाचा. हाडावरची कातडी फार पातळ आणि हळवी असते. टिप कूर्चेच्या भागात बसली तर ती जबड्याबरोबर हलते, कारण तोंड उघडलं की नळीचा तिथला आकार बदलतो. टिप खोल गेली तर ती हलत नाही, पण सगळ्यांना सोसत नाही.

मोकळ्या कानात ही नळी ३ किलोहर्ट्झच्या आसपासचे आवाज आपोआप वाढवून पडद्यापर्यंत नेते. मॉनिटरने नळीचं तोंड बंद झालं की ही वाढ हरवते, म्हणून ती मॉनिटरच्या ट्यूनिंगमध्येच घालावी लागते. शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हर्मन या ध्वनिउपकरणांच्या कंपनीत श्रोत्यांची पसंती तपासून जी टार्गेट रेषा (कोणता सूर किती मोठा वाजावा ते दाखवणारा आलेख) बसवली, तिच्यातही ३ किलोहर्ट्झजवळ मोठा उंचवटा दिसतो. आलेख पहिल्यांदा पाहणारे या उंचवट्याला दोष समजतात. तो नसता तर गळा भिंतीआडून आल्यासारखा वाटला असता.

पायरी १: टिप निवडणं

या पायरीला मी एक अख्खी संध्याकाळ देतो.

दोन्ही कान सारखे नसतात, त्यामुळे डाव्या-उजव्या बाजूला वेगळ्या मापाची टिप लागली तर त्यात गैर काही नाही. सुरुवात मधल्या मापापासून करा. घालताना दुसऱ्या हाताने कान मागून धरून वर आणि मागे हलकेच ओढा; नळी थोडी सरळ होते आणि टिप न दुमडता आत जाते. कान सोडला की तो स्वतःच टिपेभोवती मिटतो. फोमची टिप असेल तर आधी बोटांत फिरवून बारीक करायची, घालायची आणि फुगून नळी भरेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने जागच्या जागी धरायची.

आता सील बसलं का, म्हणजे टिपेने नळी फटीशिवाय बंद झाली का, ते तपासा. आवाज हळू ठेवून ३० ते ५० हर्ट्झचा शुद्ध स्वर लावा. असे स्वर वाजवणारी ॲप सहज मिळतात. मॉनिटर बोटाने अलगद आत दाबा. दाबल्यावर स्वर एकदम वाढला तर आधी फट होती. तसाच राहिला तर सील ठीक आहे. मग स्वर चालू ठेवून तोंड उघडा-मिटा, जांभई दिल्यासारखं करा, मान दोन्हीकडे वळवा. या हालचालींत स्वर येत-जात असेल तर टिप लहान आहे किंवा पुरेशी खोल गेलेली नाही. फट राहिली की सगळ्यात आधी खालचे सूर गळतात आणि उरलेला आवाज आपसूक कर्कश वाटतो. माझ्या डाव्या कानाचं नेमकं हेच झालं होतं.

मोठं माप म्हणजे पक्कं सील, असं मात्र नाही. फार मोठी टिप आत जाऊन चुरगळते आणि तिच्या घडीतूनच हवा गळते. वर नळीच्या तोंडाशी ठणका लागतो तो वेगळाच. मला एकदा मधल्या मापापेक्षा लहान टिप खोल घातल्यावर जास्त घट्ट सील मिळालं.

टिपेचं भोक किती रुंद आहे आणि ती नॉझलवर (मॉनिटरच्या ज्या नळकांडीवर टिप चढते तिच्यावर) किती पुढे येते यानेही आवाज बदलतो. फोम वरचे सूर किंचित मऊ करतो. रुंद भोकाची सिलिकॉनची टिप ते बऱ्याचदा मोकळे ठेवते. म्हणून तुलना करताना कोणती टिप लावली होती हे वहीत आधी लिहायचं.

टिप बसवताना काहींच्या घशात खवखवतं, चक्क खोकला येतो. नळीच्या कातडीत व्हेगस या चेतातंतूची एक शाखा येते, तिच्यामुळे हे होतं. असं झालं तर टिप जरा कमी खोल ठेवा किंवा मऊ प्रकारची घ्या. कान दुखत असेल, वाहत असेल, मळाने भरलेला असेल तर परीक्षा पुढे ढकला आणि डॉक्टरांना दाखवा. दुसऱ्याचा जोड ऐकणार असाल तर स्वतःच्या टिपा सोबत न्या.

पायरी २: एक तास, आरसा आणि कागदी टेपचा तुकडा

पहिल्या पाच मिनिटांत जवळजवळ सगळेच मॉनिटर आरामदायक वाटतात. त्रास साधारण वीस मिनिटांनंतर डोकं वर काढतो. त्यामुळे जोड कानात घालून एक तास नेहमीचं काम करा: वाचा, लिहा, थोडं चाला, बोला, पाणी प्या. गाणं हळू चालू ठेवा किंवा बंदच ठेवा. बोचायला लागलं की वेळ लिहा, पण लगेच काढू नका.

तास झाला की जोड काढून आरशासमोर उभे राहा. मॉनिटरचं बाहेरचं कडक कवच जिथे दाबत होतं तिथे कातडी लालसर दिसते. बहुतेक वेळा ही खूण कानाच्या वाटीच्या मागच्या कडेवर असते, नाही तर वाटीच्या मधोमध आडव्या येणाऱ्या कूर्चेच्या घडीवर. आता मॉनिटर पुन्हा घाला आणि त्याचा कोणता कोपरा त्या खुणेवर टेकतो ते पाहून तिथे कागदी टेपचा बारीक तुकडा चिकटवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तासभर घाला. खूण त्याच जागी उठली तर कवचाचा तो कोपरा तुमच्या कानाशी जुळत नाही, आणि टिप बदलून त्याचं फारसं काही होत नाही. जास्त लांब टिपेने कवच मिलिमीटरभर बाहेर सरकतं, इतपत उपाय करून पाहता येतो. खूण वाटीत नसून दुखणं नळीच्या तोंडाशी असेल तर सुटकेचा निःश्वास टाका. तो प्रश्न टिपेचा किंवा जाड नॉझलचा आहे, आणि टिपेचा असेल तर सुटतो.

दुखत नाही पण कान भरल्यासारखे, विमानात बसल्यासारखे वाटतात, ही तक्रार वेगळी. नळीत कोंडलेल्या हवेचा दाब त्यामागे असतो. बऱ्याच मॉनिटरच्या कवचाला हवा जाण्यासाठी बारीक छिद्र ठेवलेलं असतं. ते नसेल, किंवा कानाच्या कातडीनेच झाकलं जात असेल, तर दाब जाणवतो. घालताना ‘चर्र’ असा कागद चुरगळल्यासारखा आवाज आला तर दाबाने ड्रायव्हरचा (आतल्या छोट्या स्पीकरचा) पडदा वाकतो आहे. सावकाश घातल्यावर तो थांबत असेल तर चालण्यासारखं आहे. दर वेळी येत असेल तर मी तो जोड घेत नाही.

मग दहा मिनिटं चाला. पावलांचे धपधप आवाज, स्वतःचा आवाज मडक्यात बोलल्यासारखा, केबल कपड्यांना घासल्याची खरखर: हे तिन्ही ऐका. पहिले दोन आवाज कान बंद केल्यावर येणारच. टिप जास्त खोल गेली की कमी होतात. खरखर मात्र केबलची आहे. केबल कानावरून मागे घेऊन तिचा सरकता मणी हनुवटीखाली ओढला की ती बरीच शमते. चष्मा वापरत असाल तर ही सगळी परीक्षा चष्मा लावूनच करा, कारण काडी आणि केबल एकाच जागेवर भांडतात.

वजनाचा मी फार बाऊ करत नाही. रेझिनच्या हलक्या कवचांनी मला छळलं आहे आणि धातूचे जड जोड तासन् तास कानात राहिले आहेत. भार वाटीत पसरला पाहिजे, एका टोकावर येता कामा नये.

पायरी ३: आवाजाची पातळी जुळवणं

दोन मॉनिटरची तुलना करताना जो जरा मोठा वाजतो तो चांगला वाटतो. एखाद्या डेसिबलचा फरकही मोठेपणा म्हणून जाणवत नाही. तो ‘जास्त तपशील’ म्हणून जाणवतो. त्यातच कान हळू आवाजात खालच्या सुरांना कमी दाद देतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली याचे वक्र प्रसिद्ध केले. पातळी बदलली की बेसबद्दलचं मतही बदलतं ते यामुळेच.

घरी करण्यासारखी रीत अशी: फक्त एकाच माणसाचा गळा असलेला अर्ध्या मिनिटाचा तुकडा निवडा. दोन्ही जोडांवर तो आलटून पालटून ऐका आणि गळा सारख्याच अंतरावरून आल्यासारखा वाटेपर्यंत आवाज कमी-जास्त करा. प्रत्येक जोडासाठी व्हॉल्यूमचा आकडा लिहून ठेवा. शंका आली तर जो आवडतो आहे त्याचा आवाज एक घर कमी करून पुन्हा ऐका. तरीही तोच आवडला तर ती आवड खरी.

एकूण पातळीही बेताची हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसाने ८० डेसिबलवर आठवड्याला जास्तीत जास्त ४० तास ऐकावं, आणि दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा करावा. म्हणजे ८३ वर २० तास, ८६ वर १० तास. चांगलं सील बाहेरचा गलका अडवतं, त्यामुळे कमी आवाजात भागतं. सैल टिप लावून आवाज चढवणारा माणूस कानाचं नुकसान करतो आणि मॉनिटरलाही न्याय देत नाही.

पायरी ४: ज्याला जोडलंय ते

वेगवेगळ्या सुरांना मॉनिटरचा रोध (विजेला होणारा अडथळा) वेगळा असू शकतो, विशेषतः बॅलन्स्ड आर्मेचर या छोट्या प्रकारचे अनेक ड्रायव्हर असलेल्यांचा. समजा, एका जोडाचा रोध काही सुरांना ३० ओहम आणि काहींना ८ ओहम आहे. तो १० ओहम आउटपुट रोध (यंत्राचा स्वतःचा रोध) असलेल्या यंत्राला जोडला तर ८ ओहमवाले सूर बाकीच्यांपेक्षा साडेचार डेसिबलने खाली जातात. मॉनिटरचा स्वभावच पालटतो. यंत्राचा आउटपुट रोध मॉनिटरच्या रोधाच्या आठव्या हिश्शाहून कमी असला तर ही चिंता बरीचशी मिटते. संवेदनशील जोडात गाणं थांबलेलं असताना ‘स्स’ अशी सळसळ येते का तेही इथेच ऐका. सगळी परीक्षा एकाच यंत्रावर करा, आणि इक्वलायझर (सुरांचे पट्टे कमी-जास्त करणारी सोय) व आवाज ‘सुधारणारे’ सगळे पर्याय बंद ठेवा.

पायरी ५: आधी बोलणं ऐका, मग गाणं

कोणत्याही वाद्यापेक्षा माणसाचा बोलण्याचा आवाज आपल्याला जास्त ओळखीचा असतो. त्यामुळे पहिला तुकडा कसलाही साज नसलेल्या, स्वच्छ ध्वनिमुद्रित वाचनाचा घ्या. एक बाईचा आवाज, एक पुरुषाचा.

मराठी कानाला यात एक सोय आहे. ‘श’ आणि ‘स’ नीट ऐका. ‘श’चा जोर साधारण अडीच ते चार किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असतो, ‘स’चा त्याच्या वर, पाच ते आठ किलोहर्ट्झच्या आसपास. ‘शेवट’, ‘शांत’ हे शब्द अंगावर येत असतील तर ३-४ किलोहर्ट्झचा भाग चढा आहे. ‘सरळ’, ‘सात’ सुईसारखे टोचत असतील तर वर कुठे तरी अणकुचीदार शिखर आहे. दोन्ही बोथट होऊन एकमेकांत मिसळत असतील तर वरचे सूर दबले आहेत. ‘भ’, ‘फ’ यांचा श्वास वेगळा ऐकू यावा, पण फुंकर बसल्यासारखा नको. पुरुषाचा आवाज बंद खोलीत घुमल्यासारखा वाटला तर १०० ते ३०० हर्ट्झचा पट्टा फुगलेला आहे. अर्थात मुद्रणातही दोष असू शकतो, तेव्हा निदान तीन वेगवेगळी मुद्रणं घ्या.

मग एक सावकाश स्वीप, म्हणजे सलग चढत जाणारा स्वर, २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत, अगदी हळू आवाजात. स्वर कुठे उसळतो आणि कुठे बुडतो ते टिपा. बहुतेकांना सात ते नऊ किलोहर्ट्झच्या दरम्यान एक उसळी मिळते. ती टिप आणि कानाचा पडदा यांमधल्या हवेच्या स्तंभाची आहे: मॉनिटर थोडा आत सरकवा, उसळी वरच्या स्वरावर जाते, बाहेर घ्या, ती खाली येते. म्हणूनच ‘हा मॉनिटर टोचतो’ असं कुणी म्हटलं की तो किती खोल घातला होता हे मी आधी विचारतो.

गाण्यांत माझी पद्धत थोडकी आहे. पाच तुकडे, सगळे तोंडपाठ, प्रत्येकाला एकच प्रश्न. डग्ग्यावरची घसीट ऐकताना सूर खाली उतरतानाही सूरच राहतो का, की नुसता गुबार उरतो? बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी वाजते तेव्हा ४१ हर्ट्झचा सूर असतो. तो तिच्या वरच्या सुरांच्या तुलनेत गायब होतो का? पियानोवर खालून वर जाताना एखादी पट्टी बाकीच्यांपेक्षा जास्त ओरडते का? तानपुऱ्याच्या नादात तारांवरची ती बारीक झळाळी अखंड राहते का? आणि भरगच्च वाद्यमेळ्यात सगळे एकदम वाजायला लागले की मागचं वाद्य बोट ठेवून दाखवता येतं का?

तानपुऱ्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. ड्रायव्हर किती, कोणत्या प्रकारचे, यावर बरीच चर्चा होते, पण अनेक ड्रायव्हरच्या जोडात एकाकडून दुसऱ्याकडे सूर सोपवला जातो तिथे सांधा असतो, आणि अखंड नादात तो लपत नाही. नाद मधेच रंग बदलताना ऐकू आला की मी तो तुकडा पुन्हा पुन्हा लावतो.

पायरी ६: मधोमध आहे का?

मोनो मुद्रण (दोन्ही कानांत एकच आवाज असलेलं) लावा. गळा डोक्याच्या अगदी मध्यावर हवा. एकीकडे कलत असेल तर घाईने ड्रायव्हरला दोष देऊ नका. केबल निघणारी असेल तर डावी-उजवी टोकं अदलाबदल करून लावा. कल बाजू बदलून दुसरीकडे गेला तर दोष केबलचा किंवा यंत्राचा. तिथेच राहिला तर मॉनिटर, टिप किंवा कान. मग दुसरा एखादा इअरफोन घालून पाहा. त्यातही त्याच बाजूला कल असेल तर प्रश्न कानाचा आहे.

माझा एक जोड उजवीकडून हळू वाजायला लागला तेव्हा ड्रायव्हर गेला असं धरून मी बसलो होतो. शेवटी भिंगाखाली नॉझलची जाळी पाहिली, तर तिच्या जवळजवळ निम्म्या भागावर मळाचा पातळ पापुद्रा होता. नॉझल खाली धरून मऊ कोरड्या ब्रशने तो झाडला आणि दोन्ही बाजू पुन्हा सारख्या झाल्या.

पायरी ७: दिवस जाऊ द्या

पहिल्या बैठकीतलं मत लिहा आणि वही मिटा. पुढचे तीन दिवस तोच जोड वापरा आणि रोज फक्त दोन आकडे टिपा: सुरुवातीला व्हॉल्यूम किती होता, तासाभराने किती आहे. नकळत कमी केला असेल तर वरचे सूर थकवत आहेत, मग पहिल्या दिवशी ते कितीही चमकदार वाटले असोत. वाढवत गेलात तर आधी सील तपासा. ते ठीक असेल तर काही तरी मागे दबलेलं आहे आणि तुम्ही ते शोधत आहात. बोलण्याच्या भाषेत ‘हा जोड थकवतो’ म्हणतात, त्याचं हे सगळ्यात प्रामाणिक माप मला सापडलं आहे.

नवा मॉनिटर शंभर तास वाजवला की ‘खुलतो’, असं सांगितलं जातं. मला जे बदल जाणवले ते बहुतेक सवयीचे आणि टिप मऊ होण्याचे होते. पारखायची रीत सोपी आहे: चौथ्या दिवशी जुना जोड पुन्हा घाला. तोच आता विचित्र वाटला तर बदललेत तुम्ही.

आलेख आता पाहा, आधी नको. आयईसी ६०३१८-४ या आंतरराष्ट्रीय मानकातल्या कृत्रिम कानावर घेतलेले आलेख साधारण ८-१० किलोहर्ट्झच्या वर भरवशाचे नसतात, आणि वेगवेगळ्या मोजणी यंत्रांवरचे आलेख एकमेकांशेजारी ठेवू नयेत. पण तुमच्या वहीतली ‘श’ची तक्रार आलेखात ३-४ किलोहर्ट्झला दिसली तर तुमच्या कानावर तुमचाच विश्वास वाढतो.

पायरी ८: काय दुरुस्त होतं, काय नाही

निर्णयाआधी वहीतल्या प्रत्येक तक्रारीपुढे लिहा की ती सुटणारी आहे का. सील, नळीच्या तोंडाशी ठणका, केबलची खरखर, वरच्या सुरांची थोडी टोचणी हे टिप आणि केबल बदलून जातं. टोनचा समतोलही बराचसा इक्वलायझरने सुधारतो: स्वीपमध्ये सापडलेल्या शिखरावर अरुंद पट्टा घेऊन २-३ डेसिबल कापा. कुठे वाढवणार असाल तर एकूण पातळी तेवढीच खाली आणा, नाही तर सिग्नल फाटेल. कवचाचा बोचरा कोपरा, नळीत न मावणारं नॉझल, कान भरून येण्याचा त्रास, दोन बाजूंच्या ड्रायव्हरमधला खरा फरक, तानपुऱ्यात ऐकू येणारा सांधा यांवर इलाज नाही. आवाज कितीही आवडला तरी या यादीतली एक तक्रार पक्की असेल तर मी तो जोड परत करतो.

घेतलाच, तर वहीच्या शेवटच्या पानावर चार गोष्टी लिहून ठेवा: प्रत्येक कानाची टिप आणि तिचं माप, किती खोल घालता, नेहमीचा व्हॉल्यूम आणि इक्वलायझरचे आकडे. सिलिकॉनच्या टिपा कडक होतात, फोम फुगायला कुरकुरतो, आणि टिप बदलली की पहिल्या पायरीपासून निदान दहा मिनिटं पुन्हा करावी लागतात. तेव्हा हे पान उघडायचं.